घरीच असते

“आई घरीच असते,” एस्नात म्हणाली, आणि फालेसीनं आपले दोन्ही हात मांडीवर गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाखाली सरकवले.

हात सरकवल्याचं तिला नंतर कळलं. तेव्हा नुसतं एवढंच जाणवलं की कापडाखाली बोटं गरम झालीत आणि नखांच्या कडेची पांढरी पूड ओल्या घामात चिकटतेय. समोर शेजारच्या जेनालाच्या घरून मागून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कालुआ सर बसले होते. अंगात जनगणनेचं हिरवं जाकीट, मांडीवर टॅब. सर म्हणजे एस्नातच्या शाळेतले गणिताचे सर. सरकारनं मोजणीला मास्तरच नेमले होते आणि न्दिरांदे वस्तीच्या या चढावरच्या गल्ल्या नेमक्या त्यांच्या वाट्याला आल्या होत्या. शनिवार असून एस्नातनं शाळेचा गणवेश घातला होता. सकाळीच धुऊन, तव्याच्या बुडानं दाबून. छप्पर कशाचं, पाणी कुठून, वीज आहे का, हे सगळं ती खडाखडा सांगत होती, वर्गात पहिल्या बाकावर बसावं तशी पाठ ताठ करून. “वडील?” “जोनीला.” जोनी म्हणजे जोहान्सबर्ग, तिकडे गेलेल्या माणसाचं नाव काढलं की न्दिरांदेत कुणी पुढचं विचारत नाही. पण टॅब विचारत होता. “गेल्या सात दिवसांत आईनं पैशासाठी काही काम केलं? तासभर का होईना? विक्री, धुणं, मजुरी?” तेव्हा एस्नात म्हणाली होती की आई घरीच असते. आणि मग, सरांनी न विचारताच, “बाबा पाठवतात ना. दर महिन्याला.” सरांनी बोट टेकवलं. टॅबनं बारीक आवाज केला, किडा चिरडल्यासारखा. मग ते पहिल्यांदा फालेसीकडे वळले आणि अदबीनं म्हणाले, “माई, तुम्हांला एकूण मुलं किती झाली? जिवंत जन्मलेली सगळी सांगायची. आता नसलेली धरून.” फालेसीनं तोंड उघडलं. “दोन,” एस्नात म्हणाली, “थोरली मर्सी, तिचं लग्न झालं, आणि मी.” दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रातही दोनच मुलं होती, गुबगुबीत, बुटं घातलेली, उत्तर बरोबरच वाटत होतं. सर अजून फालेसीकडेच बघत होते. “दोनच ना, माई?” आणि फालेसी म्हणाली, “हो.”

सरांनी दारावर खडूनं आकडा लिहिला आणि ते पुढच्या घरी गेले. एस्नात खुर्ची परत द्यायला पळाली. फालेसीनं हात बाहेर काढून पाहिले. ते कुणाचे हात आहेत असं क्षणभर वाटलं. उजव्या अंगठ्याचं नख दोनदा जाऊन दोनदा आलेलं, आता शिंगासारखं जाड. डाव्या तळव्यावर रबराच्या कड्याचा गोल वळ, बारा वर्षांचा. हा हात मी लपवला. पोरीनं खोटं सांगितलं ते सांगितलंच, पण हात तिनं नव्हते लपवले. आणि ‘हो’ सुद्धा तिनं नव्हतं म्हटलं.

त्याच दुपारी ती नेहमीसारखी उतारावर गेली. डोंगराच्या पोटातून फोडलेले मोठे धोंडे गडी तिथं आणून टाकायचे आणि रस्त्याकडेला फाटक्या छत्र्या रोवून बायका त्यांची खडी करायच्या. टायरच्या रबराचं कडं करायचं, त्यात दगड धरायचा, म्हणजे तो उडत नाही, वरून हातोडी. एक घाव, दोन, तिसऱ्याला दगड उमलतो. सुरुवातीला, बारा वर्षांपूर्वी, आवाजानं तिचे दात दुखायचे. मग आवाज ऐकूच येईनासा झाला, आणि रविवारी चर्चमध्ये भजनं थांबली की कानात जी पोकळी व्हायची तिची तिला भीती वाटायची. त्या दुपारी मात्र प्रत्येक घाव वेगवेगळा ऐकू येत होता. घरीच असते. घरीच असते. शेजारच्या छत्रीखालून जेनाला म्हणाली, “काय गं, आज दगडाशी भांडण काय काढलंस?” फालेसीनं नवा दगड कड्यात धरला. ती आपल्या आईचं मोजणं आठवत होती. गावी, फालोम्बेत, तिच्या आईनं अकरा जणांना जन्म दिला होता आणि कुणी विचारलं की ती अकराच्या अकरा नावं घ्यायची, गेलेल्यांचीसुद्धा, अधेमधे आवाज न बदलता. गेलेला आणि असलेला असा फरक तिच्या मोजण्यात नव्हता. तिकडे जमीन मुलींकडे जाते, आणि ती मात्र मोजणीनं वागली. आजीचं शेत आईच्या बहिणींत वाटलं गेलं, आईचं सात मुलींत, आणि फालेसीच्या वाट्याला जे आलं त्यात मका पेरायचा म्हटलं तर बी टाकून मागं सरताना दुसऱ्याच्या शेतात पाय पडायचा. म्हणून शहर. म्हणून नवऱ्याच्या, वायसनच्या मागं न्दिरांदे, पत्र्याची खोली. दोन वर्षं तो दुसऱ्यांच्या विटा वाहत फिरला. काम मिळालं तर दिवसाचं, नाहीतर चौकात बसणं. मग एक दिवस बसमध्ये बसून जोनीला गेला. फालेसीला तेव्हा सहावा महिना होता. त्यानं एकदा एक घोंगडी पाठवली, लाल, वाघाचं चित्र असलेली. एकदा एक मोबाइल. मग काही नाही. नऊ वर्षांत काही नाही. घोंगडीतला वाघ धुऊन धुऊन मांजर झाला आणि मोबाइल कधीच विकून खाल्ला. आणि तरी हा माणूस दर महिन्याला पाठवतो. पोरीची वही, पोरीचे बूट, पोरीची फी, छपराचा पत्रा, सगळं तो पाठवतो. आज ते सरकारच्या पुस्तकात गेलं.

चढावर खडी न्यायला एक टिपर मागं येत होता. ड्रायव्हरचा सोबती ओरडत होता, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे.” फालेसीची हातोडी दरवेळी या ओरडण्याला थांबते. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण टिपर आला की सगळ्याच बायका उठतात, बादल्या उचलतात. आठ वर्षांपूर्वी, त्या दिवशीही उठल्या होत्या. धाकटा पेम्फेरो दीड वर्षाचा होता. नुकताच चालायला लागलेला, आणि चालता येतं याचंच त्याला इतकं हसू यायचं की हसताना पडायचा. फालेसीनं त्याला छत्रीखाली एस्नातच्या मांडीवर दिलं. “धर गं याला. सोडू नकोस.” एस्नात नऊ वर्षांची होती. फालेसीनं चौथी बादली डोक्यावर घेतली, आणि “येऊ दे, येऊ दे” चाललं होतं, आणि मग कुणीतरी दुसऱ्याच आवाजात ओरडलं. पुरायची पेटी टिपरच्या मालकानं आणून दिली. चांगली, रंधा मारलेली. सोबत मक्याच्या पिठाची दोन पोती. मालक बोलताना सारखा घाम पुसत होता आणि फालेसी त्याच्या रुमालाकडे बघत होती. पोलिसांत जायचं का, असं जेनालानं हळूच विचारलं होतं. फालेसी म्हणाली, “पोती आत ठेव, उंदीर लागतील.” त्या पिठाचा न्सिमा, उकडीसारखा घट्ट गोळा, तिनं आणि एस्नातनं जवळजवळ दीड महिना खाल्ला. चांगलं पीठ होतं, पांढरं, गिरणीत दोनदा दळलेलं. चौथ्या दिवशी ती कामावर गेली. दुसऱ्या आठवड्यात तोच टिपर आला आणि तिनं तो भरला. एस्नातला ती एक अक्षर बोलली नाही. हे तिनं ठरवून केलं होतं, आणि या एका गोष्टीचा तिला अभिमान होता: की मी पोरीला कधी बोलले नाही. बायका म्हणायच्या, काय मन आहे फालेसीचं. एस्नात मात्र त्या दिवसापासून उतारावर आली नाही. शाळेला वरच्या रस्त्यानं, लांबून वळसा घेऊन जायची. फालेसीनं तेही बोलून दाखवलं नाही. न बोललेलं सगळं तिच्याजवळ होतं, पोत्याच्या तळाशी राहिलेल्या पिठासारखं, घट्ट झालेलं.

मोजणीनंतरच्या सोमवारी सकाळी ती उठलीच नाही. म्हणजे उठली, तोंड धुतलं, आणि उंबऱ्यावर बसली. एस्नात बूट घालत होती. “आज जायचं नाही?”

“कुठं?”

“कामावर.”

“काम?” फालेसी म्हणाली. “मी तर घरीच असते.”

एस्नातचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. मग तिनं गाठ मारली, दप्तर उचललं आणि ती गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा आई तिथंच बसलेली होती. मंगळवारीही. उतारावरून हातोड्यांचे आवाज येत होते आणि फालेसीला त्यातली जेनालाची हातोडी ओळखू येत होती, थोडी लंगडी, दोन घाव आणि मध्ये खोकला. बसून राहणं इतकं कठीण असतं हे तिला माहीत नव्हतं. हात सुजले. रिकामे राहिल्यानं ते जड होत गेले, रात्रीच्या ओल्या कपड्यांसारखे, आणि सांध्यांतून एक खाज उठायची जी खाजवून जात नव्हती. उन्हं दारात यायची, पायांवरून सरकायची, भिंतीवर चढायची. येणारेजाणारे विचारायचे, “बरं नाही का, एस्नातच्या आई?” ती म्हणायची, “बरं आहे की. बसलेय.” आणि हे म्हणताना तिला एक चव यायची, कच्च्या आंब्यासारखी, दात शिवशिवणारी आणि तरी पुन्हा चाखावीशी वाटणारी. बुधवारी पीठ संपलं. एस्नातनं जेनालाकडून वाटीभर मागून आणलं, सोबत मूठभर सुकी उसिपा. फालेसीनं ती बोटाएवढी मासळी शांतपणे खाल्ली, डोक्यासकट.

“आई, शुक्रवारी परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे,” एस्नात म्हणाली. “फी भरायची आहे. तू म्हणाली होतीस की त्या टिपरवाल्याचे आले की…”

“तुझ्या बापाला सांग.”

“आई.”

“दर महिन्याला पाठवतो ना? या महिन्यात जरा लवकर पाठव म्हणावं.”

एस्नात उभी राहिली. ती फालेसीपेक्षा उंच झाली होती. हे कधी झालं? गणवेशाच्या बाहीतून मनगट बाहेर आलेलं, सडपातळ, स्वच्छ, एक ओरखडा नसलेलं. हे मनगट मी असं ठेवलं, फालेसीच्या मनात आलं. बारा वर्षं मी ते दगडापासून लांब ठेवलं. “मग काय सांगणार होते मी त्यांना?” एस्नात म्हणाली. आवाज फुटत होता. “ते माझे सर आहेत. वर्गात सगळ्यांचे बाप काहीतरी आहेत. कुणाचा ड्रायव्हर, कुणाचा शिंपी. मी काय सांगू, माझी आई रस्त्यावर बसून दगड फोडते?”

“सांगायचं की.”

“आणि मुलं किती म्हणाले तर? पाच सांगू? त्यातली तीन कशानं गेली ते विचारतात ते, प्रत्येकाचं वेगळं विचारतात, मी शेजारच्या घरी ऐकलंय. सांगू का तेही? पेमू कसा गेला ते सांगू?”

“कसा गेला ते तुलाच माहीत,” फालेसी म्हणाली. “तुझ्या हातात दिला होता.”

ते बोलणं मोठ्यानं झालं नाही. ती पाणी दे म्हणावं तशी म्हणाली. एस्नातनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. खूप दिवस दार लावून आत बसलेल्या माणसानं शेवटी टकटक ऐकावी तसं काहीतरी होतं. म्हणजे ती वाट बघत होती. आठ वर्षं. मी बोलले नाही असं मला वाटत होतं, आणि ही रोज ऐकत होती. फालेसीला हे लख्ख कळलं, आणि कळूनही तिला वाईट वाटलं नाही. उलट अंगातून काहीतरी सैल होऊन खाली उतरलं, बाळंतपणात शेवटचं ओझं उतरतं तसं. त्या उतरण्यात सुख होतं. एस्नात भिंतीकडे तोंड करून चटईवर पडली. गुरुवारी ती शाळेत गेली नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवार दारातून आला, फालेसीच्या पायांवरून सरकला आणि भिंतीवर चढून गेला.

पुढच्या सोमवारी फालेसी कामावर गेली, कारण जेनालाकडे आता मागता येत नव्हतं. “घे, महाराणी आली,” बायका हसल्या. “आराम झाला का गं?” “जोनीवरून ट्रक आला वाटतं पैशांचा?” कुणी कशाला सांगायला हवं होतं, पत्र्याच्या भिंतींतून सगळं ऐकू येतं. फालेसी हसली. हातोडी हातात येताच सूज दोन तासांत उतरली.

बुधवारी, ऊन कलायच्या आत, कालुआ सर उतारावर आले. जाकीट नव्हतं, साधा शर्ट, कोपराला शिवलेला. बुटांवर धूळ बसू नये म्हणून ते खडीच्या ढिगांमधून उड्या मारल्यासारखे येत होते. “एस्नातची आई?” त्यांनी एकीला विचारलं आणि तिनं हातोडीनं फालेसीकडे दाखवलं. ते समोर येऊन थांबले. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं, रबराच्या कड्याकडे, ढिगाकडे. मग दुसरीकडे पाहिलं. बरा माणूस होता.

“त्या दिवशी तुम्ही…”

“त्या दिवशी मी घरीच होते,” फालेसी म्हणाली.

सरांनी मान हलवली. “एस्नात येत नाही शाळेत. घरी जाऊन आलो, कुणी नव्हतं. पाण्याला गेली असेल. माई, फॉर्मची तारीख वाढलीय. या शुक्रवारी चारपर्यंत ऑफिस उघडं आहे, ती शेवटची. तिला सांगा. अर्धी फी मी घालीन. सगळी घातली असती, पण माझंही खरं नाही. शाळेत मी तात्पुरता, आणि मोजणीचे पैसे अजून आलेले नाहीत, कधी येतात कुणास ठाऊक. पण पोरगी हुशार आहे. अशी वर्षाला एखादीच येते. तिचं वर्ष जाऊ देऊ नका.”

अर्धी. तिच्या पोरीच्या वर्षाचा अर्धा भाग या शिवलेल्या कोपरातून येणार. फालेसीनं कड्यातला दगड उलटा केला. “सर, तो कागद बदलता येतो का?”

“कुठला?”

“मोजणीचा. त्यात पाच लिहा. पाच झाली मला. पहिला मुलगा फालोम्बेत, नाव ठेवायच्या आत गेला, पण रडला होता, मी ऐकलंय. मग मर्सी. मग एस्नात. मग लुसिया, तापानं. मग पेम्फेरो. आणि काम लिहा. खडी. बारा वर्षं.”

सर अवघडून हसले. “आता नाही होत, माई. ते गेलं वर. एकदा बटण दाबलं की माझ्याही हातात राहत नाही.” आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून, खरोखर त्याच हेतूनं, “मनाला लावून घेऊ नका. अख्ख्या देशाची मोजणी आहे. एका घरानं काय फरक पडतो?”

फालेसीनं हातोडी उचलली. एक घाव, दोन, तिसरा. दगड उमलला. “सांगते तिला,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी एस्नात चुलीपुढं पाठमोरी बसली होती. सांगायचं, फालेसीनं ठरवलं. भात्यानं फुंकल्यासारखा धूर तिच्या अंगावर येत होता आणि पाठमोऱ्या मानेवरची लव दिसत होती, लहानपणी होती तशीच. सांगायचं. पण पोर बोलली तर सांगता येईल. अशा पाठीला कसं सांगायचं? उद्या सांगू. गुरुवारी ती म्हणाली, “पाणी भर.” एस्नातनं भरलं. “मीठ कुठं आहे?” एस्नातनं दिलं. दर वाक्याला फालेसीच्या तोंडात ते दुसरं वाक्य यायचं आणि ती ते गिळायची, आणि गिळताना तिला दिसायचं की ही माझ्याजवळ आहे. माझ्या हातात आहे. आजवर ही पोर कधी आपल्या हातात नव्हती. शाळेच्या, वह्यांच्या, वरच्या रस्त्याच्या, जोनीतल्या त्या नसलेल्या माणसाच्या हातात होती. आता तिचं अख्खं वर्ष इथं, माझ्या जिभेखाली. उद्या सकाळी सांगू. शुक्रवारी सकाळी एस्नात झोपलेली होती, हात उशाशी, ओठ जरासे उघडे, आणि फालेसी हातोडी घेऊन बाहेर पडली.

दुपारी हातोड्या एकाएकी थांबल्या तेव्हा तिला वाटलं टिपर आला. तिनं वर पाहिलं. एस्नात उतार उतरत होती. गणवेश नव्हता, फालेसीचंच जुनं चितेंजे गुंडाळलेलं आणि हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. आठ वर्षांत ती पहिल्यांदा या उतारावर पाय ठेवत होती, आणि पाय कुठं ठेवायचा ते जणू पाठ असल्यासारखी नीट एका जागेला वळसा घालून आली. जेनाला खोकायची थांबली. एस्नात फालेसीसमोर जमिनीवर बसली, खडीवरच, आणि तिनं फडकं सोडलं. न्सिमा होता, शेंगांच्या पाल्याची भाजी.

“आई, जेव.”

फालेसीनं हात धुतले. पहिला घास घेतला.

“माझं चुकलं,” एस्नात म्हणाली. सगळ्या बायका ऐकत होत्या आणि तिनं आवाज उतरवला नाही. “सरांना खोटं सांगितलं ते. बाबांचं सांगितलं ते. आणि पेमूचं.” ती थांबली. “वरच्या रस्त्यानं लग्नाच्या गाड्या चालल्या होत्या. गाणं वाजत होतं. त्याला मी दगडाला टेकून बसवलं, आणि नुसतं बघायला गेले. परत येणारच होते. गाणं संपेपर्यंतच.”

फालेसी चावत राहिली. वर्षानुवर्षं तिनं विचारलं नव्हतं, म्हणून तिला हे माहीत नव्हतं. गाणं होतं तर. तिला स्वतःला त्या दिवशीचं गाणं आठवेना. छत्रीच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका पोरीच्या गुडघ्यावर पडला होता. तो अजून मांडीकडे सरकला नव्हता, म्हणजे दोन वाजले असतील, फार तर सव्वादोन. शाळा पुलापलीकडे. भराभर चाललं तर अर्धा तास. पैसे कमरेच्या गाठीत होते, टिपरवाला मंगळवारीच देऊन गेला होता. आता सांगितलं तर ही उठेल. ताडकन उठेल, चितेंजे झटकेल, आणि धावत सुटेल. मागं वळून बघायचं तिला सुचणारसुद्धा नाही. मग परीक्षा, मग कुठलं कॉलेज, कुठलं शहर, आणि कुठल्या तरी खुर्चीवर बसून कुणाला तरी सांगेल: आई घरीच असते. सांगायचंच आहे, फालेसीनं स्वतःला समजावलं. पण हा घास होऊ दे. हिला माझ्यासमोर अशी बसलेली, सगळ्यांसमोर आई म्हणणारी, मी कधी बघितली नाही. एवढं जेवण होऊ दे. ती सावकाश जेवली. भाजीत मीठ नेमकं पडलं होतं.

“चांगली झालीय,” ती म्हणाली. आणि एस्नात रडायला लागली, आणि रडता रडता हसली, आणि जेनाला शेजारून म्हणाली, “झालं ना आता? मायलेकींनी आठवडाभर आमचं डोकं खाल्लं.” बायका हसल्या. हातोड्या पुन्हा सुरू झाल्या. उन्हाचा ठिपका मांडीवर चढला.

एस्नातनं डोळे पुसले आणि बाजूला पडलेली हातोडी उचलली. “मी बसते थोडा वेळ,” ती म्हणाली. “वर्ष तर गेलंच आहे.” तिनं दगडावर घाव घातला. दगड कड्यातून निसटून जेनालाच्या ढिगावर जाऊन पडला. “आई गं,” जेनाला ओरडली, “बाई, डोळे फोडशील कुणाचे!” एस्नात ओशाळली. तिनं दुसरा धरला.

“तसं नाही,” फालेसी म्हणाली. तिनं टायरची एक पट्टी काढली, पोरीच्या तळव्यावर मापून बघितली, सुरीनं बेतानं कापली, आपल्यापेक्षा दोन बोटं लहान, आणि तारेनं वळवून कडं केलं. टोकं आत दुमडली, टोचू नयेत म्हणून. इतक्या निगुतीनं तिनं कुणासाठी काही केल्याला किती दिवस झाले होते. वरच्या रस्त्यानं मुली येऊ लागल्या. निळे स्कर्ट, दप्तरं. शाळा सुटली होती. ऑफिस सुटायला अजून अर्धा तास. धावली तर. नुसती धावली तर. एस्नातनं मुलींना पाहिलं आणि मान खाली घातली, पार हातोडीवर. एकीनं वरून हाक मारली, “एस्नात?” पुढं दुसरी काहीतरी म्हणाली, आणि त्या चालायला लागल्या. फालेसी त्यांच्याकडे बघत राहिली, शेवटचा निळा स्कर्ट वळणाआड जाईपर्यंत, आणि नंतरही, नुसत्या रस्त्याकडे, धूळ बसेपर्यंत. ठिपका पोरीच्या मांडीवरून उतरून खडीत गेला होता, म्हणजे चार वाजून गेले असतील.

मग ती एस्नातच्या मागं सरकली, तिच्या दोन्ही बाजूंनी हात घालून तिनं तिची बोटं कड्याभोवती एकेक करून मिटली. हात मऊ होता. गरम होता.

“अंगठा आत घे,” ती म्हणाली. “नाहीतर फुटेल.”